डाव्या हाताची चौकशी

४ मार्च

मामा,

पत्राच्या डोक्यावर काय लिहायचं आणि कोणत्या कोपऱ्यात, हे तू मला सातवीत शिकवलं होतंस. ते मी आठवीत विसरले. तेव्हा सगळे नमस्कार एकदम घे आणि त्यातले थोडे मामीला दे.

फोन न करता लिहिते आहे, कारण फोनवर तू विचारतोस, मी "बरं आहे" म्हणते आणि आपण दोघंही तिथंच थांबतो. बरं नाहीये. हात भाजल्याला पाच महिने झाले. जखम भरली हे तुला ठाऊक आहे, पण ती भरली ती थांबेचना. डाव्या हाताच्या मागच्या बाजूला, मनगटापासून करंगळीच्या आणि तिच्या शेजारणीच्या मुळापर्यंत लाल, जाड वण उठलाय. कुणी मेणाची वळी करून चिकटवावी तसा. खाजतो तर असा की कामावर मी हात टेबलाच्या कडेला घासत बसते आणि बायका हसतात. खाजेचं सोड. ती दोन बोटं पूर्ण मिटत नाहीत. ओल्या चादरीचं टोक त्या हातात दिलं की सुटतं. लाँड्रीत चादरीचं टोक सुटणारी बाई किती दिवस ठेवतील, ते तूच सांग.

डॉक्टर म्हणतात, वणात स्टिरॉइडची इंजेक्शनं घे. दंडात नाही, थेट वणात. महिन्याला एकदा, असं चार-पाच वेळा. वण मऊ पडेल, बसेल, बोटं मोकळी व्हायला मदत होईल. आत्ता तो लाल आणि वाढता आहे तोवर औषध जास्त लागू पडतं. वर्ष उलटून घट्ट झाला की मग कापून मोकळं करायची वेळ येऊ शकते. पहिली तारीख २८ मार्च दिलीय.

आमच्या सुपरवायझरबाई, म्हणजे जिला आम्ही फौजदारीण म्हणतो ती, म्हणते डोळे मिटून घेऊन टाक. आई म्हणते मामाला विचार. घरातलं संशयाचं खातं तुझ्याकडे आहे. तर बघ.

भिंगरी


९ मार्च

चि. भिंगरी,

नमस्कारांचा गठ्ठा पोचला. मामीने निम्म्याहून अधिक ठेवून घेतले. माझ्या वाट्याला आले त्यांच्या बदल्यात आशीर्वाद.

स्टिरॉइड हा शब्द मी आजवर वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर वाचत आलो आहे. तिथे तो घेणाऱ्याचं पदक काढून घेतात. तुझ्याकडे काढून घेण्यासारखं पदक नाही हे मान्य, पण औषधाची कीर्ती चांगली नाही एवढं तरी सिद्ध होतं. मी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "सर, त्याने कातडी पातळ होते." म्हटलं, जाड झालेली की मुळात पातळ असलेली? तर तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. जाड वण पातळ करायला टोचलेलं औषध शेजारची चांगली कातडी सोडून देतं, हे त्या औषधाला कोण समजावणार? विचार डॉक्टरांना. आणि उत्तर देताना त्यांनी तुझ्याकडे पाहिलं की कागदाकडे, तेही कळव.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. गेल्या वर्षी तूच लिहिलं होतंस की ही फौजदारीण दोन मिनिटं उशिरा येणाऱ्या बाईसाठी फाटकात उभी राहते आणि हसली तर पाळीच्या बायका आजारी आहे का म्हणून विचारतात. ती आता तुझ्या हाताची एवढी काळजी का करते? दयेला कारण लागत नाही असं सज्जन लोक म्हणतात. मी संस्कृतचा मास्तर. माझ्या वर्गात सात मुलं आहेत, चार गुणांसाठी बसलेली आणि तीन चुकून. त्यांनाही मी सांगतो की हेतू दाखवल्याशिवाय अनुमान मांडायचं नाही. तेव्हा बाईंचा हेतू काय?

आणि तिसरी. अपघात नक्की झाला कसा? आजवर तू "प्रेसमध्ये हात गेला" यापलीकडे गेली नाहीस. हात आपण होऊन कुठे जात नाही.

मामी शिलाई मशीनवर बसल्या बसल्या म्हणते आहे, "सुईपुढचा आडोसा मीही काढून ठेवलाय, कामात आडवा येतो. म्हणून काय माझी चौकशी लावणार आहात?" विषयाशी संबंध नाही, पण लिही म्हणाली म्हणून लिहिलं.

मामा


१५ मार्च

मामा,

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. बाई आहेत, इतक्या लहान दिसतात की मला आधी वाटलं चिठ्ठी लिहून देणारी असेल. तुझा प्रश्न मी जसाच्या तसा विचारला. त्यांनी कागदावर कातडीचं चित्र काढलं आणि सांगितलं की हो, पातळ होऊ शकते. टोचलेल्या जागी पांढरट डाग पडू शकतो, खड्डा पडू शकतो, बारीक लाल शिरा दिसायला लागतात. काहींचा वण बसून पुन्हा उठतो. म्हणून हात राखून द्यायचं, दर वेळी वण बघून पुढचं ठरवायचं, जोडीला घट्ट हातमोजा घालायचा आणि बोटांचा व्यायाम करायचा. दुखतं का म्हटलं तर म्हणाल्या, "दुखतं. वण कडक असतो, औषध सहज आत शिरत नाही." आणखी एक परिणाम सांगितला, तो आईला सांगितलाय, तुला सांगणार नाही.

अपघाताचं म्हणशील तर त्यात सांगण्यासारखं काही नाही. प्रेस म्हणजे खाली गादी आणि वर तापलेली लोखंडी पाटी. समोर दोन बटणं, एक डावीकडे, एक उजवीकडे, मध्ये हातभर अंतर. दोन्ही एकदम दाबली तरच पाटी खाली येते. मी उशीच्या अभ्र्याचं दुमडलेलं टोक सरळ करत होते आणि पाटी आली. उजव्या हाताने लाल बटण दाबून उघडली. तीन-चार सेकंद गेले असतील. यंत्र जुनं आहे. नोंदवहीत "यंत्रातील बिघाड" असं लिहिलंय. झालं.

फौजदारिणीचं मात्र तू म्हणतोस ते खरं. परवा ती माझ्याबरोबर दवाखान्यात आली. कुणी बोलावलं नव्हतं. मी आत हात धुवत होते, तर बाहेर ती डॉक्टरांना हळूच म्हणत होती, "इन्स्पेक्टर जूनमध्ये येतो. त्याच्या आत दोन तरी होऊ देत." मी बाहेर आल्यावर विचारलं, काय होऊ देत? म्हणाली, "तुझी उद्या सकाळची पाळी आहे. वेळेवर ये."

भिंगरी


२० मार्च

चि. भिंगरी,

तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. मामीला मोठ्याने वाचून दाखवलं. आता तू शांतपणे बस आणि मी मांडतो ते ऐक.

एक जुनं यंत्र आहे. त्यात बिघाड आहे. त्या बिघाडाने एका मुलीचा हात भाजतो. वर्षातून एकदा कारखाना तपासणारा इन्स्पेक्टर येतो आणि अपघातांची चौकशी करतो. त्याला नोंदवहीत एक ओळ दिसेल आणि तुझा हात दिसेल. ओळ कोरडी असते. हात कोरडा नसतो. लाल, जाड, न मिटणारा हात पाहिला की तो विचारणार, हे यंत्र चालू ठेवायला कुणी सांगितलं? आणि यंत्रावर देखरेख कुणाची?

आता तोच हात जूनपर्यंत दोन सुया खाऊन सपाट आणि फिकट झाला तर? इन्स्पेक्टर म्हणेल, किरकोळ दिसतंय. भिंगरी, तुझा वण हा या प्रकरणातला एकमेव साक्षीदार आहे आणि त्याला सुई टोचून गप्प बसवायचं घाटतंय. तेही जूनच्या आत, असं स्वतः बाईंच्या तोंडून. हेतू शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही. डॉक्टरीणबाई यात सामील आहेत असं मी म्हणत नाही. पण इतकं खरं बोलणाऱ्या माणसाबद्दलही मला थोडी धास्ती वाटते.

माझा सल्ला असा की तारीख पुढे ढकल. इन्स्पेक्टरने हात आहे तसा पाहू दे. मग घे हवी तितकी इंजेक्शनं, मी स्वतः येऊन शेजारी बसेन.

मामीचं मत वेगळं आहे. ती म्हणते, "मुलीचा हात आहे, कोर्टातला कागद नाही." भावनेच्या भरात बोलते आहे.

मामा


१ एप्रिल

मामा,

ढकलली. दवाखान्यात सांगितलं, घरी अडचण आहे. पुढची तारीख २५ एप्रिल.

फौजदारिणीला कळलं तेव्हा ती चादरी मोजत होती. आकडा विसरली. मी तिथे सहा वर्षं आहे, तिचा आकडा चुकलेला पाहिला नाही.

"कुणी सांगितलं पुढे ढकलायला?"

"मामाने."

"डॉक्टर आहे मामा?"

"संस्कृत शिकवतो."

तिने हातातली चादर खाली ठेवली. मग म्हणाली, "विचार त्याला, संस्कृतात मूठ मिटते का." आणि पहिल्यापासून मोजायला लागली.

तुला हवं असेल तर आणखी सांगते. माझ्या जुन्या प्रेसजवळ ती मला फिरकू देत नाही. घड्या घालायच्या टेबलावर बसवलंय. आणि तिच्या टेबलाचा खण असतो ना, तो हल्ली कायम कुलपात असतो. किल्ली गळ्यात.

हातमोजा घालते. वण मनगटाच्या वर सरकायला लागलाय, असं मला वाटतं. कदाचित वाटतच असेल.

भिंगरी


७ एप्रिल

चि. भिंगरी,

खण. मला वाटलंच होतं की कुठेतरी खण असणार.

मूठ संस्कृतात उत्तम मिटते, मुष्टी म्हणतात, असं बाईंना माझ्यातर्फे सांग. किंवा नको सांगूस. सावध माणसाला सावध करण्यात अर्थ नाही. तू फक्त डोळे उघडे ठेव आणि २५ तारखेचंही तेच कर. जून काही लांब नाही. कदाचित तो जूनच्या आधीही येईल. मी माझ्या परीने एक लहानसं काम केलं आहे. कोणतं ते आत्ता विचारू नकोस, म्हणजे उद्या तुला कुणी विचारलं तर तुला खरोखरच माहीत नसेल.

वण सरकतो आहे असं वाटतं म्हणतेस. रोज पाहिलं की सगळंच सरकल्यासारखं वाटतं. दोऱ्याने मोजून ठेव, म्हणजे संशयाला आधार मिळेल. मामी हे वाचून उठून गेली. तिला दोऱ्याचा इतका राग येण्याचं कारण कळलं नाही, ती दिवसभर दोराच हाताळते.

मामा


९ मे

मामा,

इन्स्पेक्टर २ तारखेला आला. जूनमध्ये यायचा तो. आल्या आल्या माझं नाव घेऊन बोलावलं. हात बघितला. तीन माणसं दिवसभर प्रेस उघडून बसली होती. यंत्रात बिघाड नाही आणि कधी नव्हता, असं त्यांनी लिहिलं. मग फौजदारिणीला बोलावलं. नोंद आपणच खोटी केली एवढं तिने कबूल केलं. का केली ते सांगत नाही. तिला चौकशी होईपर्यंत घरी बसवलंय. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, मला नीट आठवत नाही.

दोन्ही तारखा गेल्या. करंगळी आता अर्धीही वळत नाही.

पत्र तूच पाठवलं होतंस ना?

भिंगरी


१३ मे

चि. भिंगरी,

हो, मीच. सही केली नाही, "एक हितचिंतक" असं लिहिलं. तुझ्यावर शेकू नये म्हणून. निदान तेव्हा मी स्वतःला तसं सांगितलं.

पण आता तूच बघ. नोंद खोटी होती हे बाईंनी स्वतः कबूल केलं. म्हणजे त्या काहीतरी लपवत होत्या हे खरंच निघालं. यंत्रात बिघाड नव्हता, एवढाच भाग माझ्या मांडणीत बसत नाही. बिघाडच नसेल तर त्यांनी तो का लिहावा? स्वतःच्या माथी येईल असं खोटं कुणी का बोलेल? यावर मी पत्र आल्यापासून विचार करतो आहे. माणूस स्वतःला वाचवायला खोटं बोलतो, हे गृहीत धरूनच मी निघालो होतो.

तुझं पत्र इतकं आखूड कधी नसतं. त्यात एकही टोमणा नाही. मला त्याचीच काळजी जास्त वाटते. करंगळीचं डॉक्टरांना सांगितलंस का? नवी तारीख घे. इन्स्पेक्टरने हात पाहिला, आता थांबायचं कारण उरलं नाही.

मामा


२० मे

मास्तर,

तुमचा पत्ता भिंगरीच्या भरतीच्या फॉर्मवर आहे. आईच्या खाली दुसरं नाव तुमचं. फॉर्म माझ्याकडे असतात, त्यामुळे घरी बसायच्या आधी उतरवून घेतला. मला पत्रांची सवय नाही. मी याद्या लिहिते.

हितचिंतकाचा अर्ज इन्स्पेक्टरने मला वाचून दाखवला. इतकी शुद्ध भाषा आमच्या लाँड्रीत कुणाला येत नाही, तेव्हा कुणाचा ते कळायला वेळ लागला नाही. त्यात माझ्याबद्दल जे लिहिलंय त्यातलं "कठोर" बरोबर आहे.

तुम्ही तर्क शिकवता म्हणे. टेबलाशी बसा. डावीकडे एक वाटी पालथी ठेवा, उजवीकडे एक, मध्ये हातभर अंतर. दोन्हींच्या मधोमध एक वही. आता डावा हात डाव्या वाटीवर, उजवा उजव्या. दोन्ही दाबल्याशिवाय पाटी खाली येत नाही. मग वहीवर कोणता हात उरला ते बघा.

उत्तर मला कळवू नका, मला माहीत आहे. इन्स्पेक्टरला कळवू नका, त्याला माहीत नाही.

जूनच्या आत दोन होऊ देत, असं मी म्हटलं होतं ते खरं आहे. कामावर आहे तोवर तिचं औषध लाँड्रीच्या दवाखान्यात होतं. चौकशी लागली आणि कामावरून गेली तर सगळंच गेलं. निदान दोन तरी पदरात पडावीत एवढाच हिशोब होता. पहिली दोन तुमच्यापायी हुकली.

३० मेची तारीख मी डॉक्टरांकडून घेतली आहे. तिला पाठवा. माझं ऐकणार नाही, तुमचं ऐकते.

सुपरवायझर, पहिली पाळी


२४ मे

चि. भिंगरी,

फौजदारीणबाईंचं पत्र आलं. त्यांनी मला गृहपाठ दिला आणि मी तो केला.

दोन वाट्या घेतल्या. मध्ये ठेवायला तुझीच सातवीतली वही मिळाली. दोन्ही हात दोन्ही वाट्यांवर ठेवून मी बराच वेळ बसलो. वही मोकळी. तिच्यावर ठेवायला माझ्याकडे हात उरला नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मी कपाटातून जाडा शब्दकोश काढला आणि डाव्या वाटीवर ठेवला. वाटी दबलेली राहिली. डावा हात मोकळा झाला आणि जाऊन वहीवर बसला.

दारातून मामी म्हणाली, "कळलं?"

मी विचारलं, "तुला कधीपासून माहीत आहे?"

"मार्चपासून वाटत होतं. कामात आडवी येणारी वस्तू कामकरी बाई बाजूला सारते, त्यात मोठंसं काय?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते. तुम्ही म्हणालात विषयाशी संबंध नाही."

तू १५ मार्चच्या पत्रात दोन्ही बटणांचं स्वच्छ लिहिलं होतंस. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही तिथं थांबला असता. मी थांबलो नाही, कारण मला दोषी आधीच मिळालेला होता आणि त्याच्यासाठी मी पुरावा जमवत होतो. तीस वर्षं मुलांना जे करू नका म्हणून सांगितलं तेच, आणि तेही तुझ्या हाताच्या खर्चाने.

मी तुला काही विचारत नाही. डाव्या बटणावर काय होतं, ते कुणी ठेवलं, हे तुझं आहे. सांगायचं तर तू सांगशील, कुणाला आणि कधी ते तूच ठरवशील. मी माझ्यापुरतं केलं. काल इन्स्पेक्टरच्या कार्यालयात जाऊन, तो अर्ज माझा आहे आणि बाईंवरच्या आरोपाला माझ्याकडे कसलाही आधार नव्हता, असं लिहून सही केली. तिथला कारकून म्हणाला, "अर्ज करून मग मागे घेणारे खूप येतात, पण इतक्या चांगल्या अक्षरात नाही."

इंजेक्शनाबद्दल मला अजूनही भीती वाटते. कातडी पातळ होईल, डाग पडेल, कदाचित वण पुन्हा उठेल. पण या सगळ्या प्रकरणात न मागता सगळं खरं सांगणारी एकच व्यक्ती होती, ती डॉक्टरीण, आणि मी सगळ्यात आधी तिच्यावर संशय घेतला. ३० तारीख चुकवू नकोस. येऊ का विचारणार होतो, पण तो हक्क मी सध्या गमावला आहे असं समजतो.

मामा


७ जून

मामा,

तू विचारलं नाहीस म्हणून सांगते.

कपडे वाळत घालायच्या लाकडी चिमट्याची अर्धी फोड. बटणाच्या कडेच्या खाचेत बसवली की बटण दबलेलंच राहतं. मग उजव्या हाताने पाटी, डाव्या हाताने अभ्रा. आम्ही सगळ्याच करायचो. फौजदारीण येताना दिसली की काढून तोंडात धरायची, ती गेली की परत. ती फाटकात उभी राहते ना, ती फक्त उशिरा येणाऱ्यांसाठी नाही. आत येणाऱ्या बायकांच्या पिशव्यांत असे तुकडे आहेत का ते बघते. त्या दिवशी मी नळाखाली हात धरून बसले होते. ती आली, प्रेसकडे एकदा बघितलं, फोड उपटली आणि खिशात घातली. मग नोंद केली. मला एवढंच म्हणाली, "तू काही बोलायचं नाहीस."

मी बोलले नाही. तिच्याशीही त्यावर बोलले नाही आणि तुझ्याशीही नाही.

तुला का नाही सांगितलं ते लिहायला दोन कागद फाडले. घरात डोकं वापरणारी एकच, ती भिंगरी, असं तू मी पाच वर्षांची होते तेव्हापासून सांगत आलास. तुला कसं लिहिणार की मी चिमट्याच्या तुकड्यापायी हात भाजून घेतला? आणि तुझा संशय तिच्याकडे वळला तेव्हा मला हायसं वाटलं. खणाचं मी मुद्दाम लिहिलं, मामा. त्यात तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या असतात. बायका घेऊन जातात म्हणून कुलूप. मला ते माहीत होतं. तू आनंदाने खण, खण म्हणालास आणि मी अजून थोडी गप्प राहिले.

२८ मेला इन्स्पेक्टरच्या कार्यालयात जाऊन सगळं सांगितलं. चिमट्याचा तुकडा कसा बसतो ते चित्र काढून दाखवलं. तो कंटाळलेला माणूस आहे. म्हणाला, "दर लाँड्रीत असतं. कुठे चिमटा, कुठे नाणं." मला लेखी ताकीद मिळाली आणि वर्षभर प्रेसला हात लावायचा नाही. कामावर ठेवलंय, घड्यांच्या टेबलावर. सगळ्या प्रेसची बटणं बदलणार आहेत, अडकवली तर चालणार नाहीत अशी. पाळीतल्या बायका माझ्याशी नीट बोलत नाहीत, कारण आता अभ्रे कमी निघतील. फौजदारिणीला पण लेखी मिळालं, पण ती सोमवारपासून परत आली. पहिल्या दिवशी मी फाटकात पोचले तेव्हा घड्याळाकडे बघून म्हणाली, "एक मिनिट." बाकी काही नाही.

३० तारखेला मात्र ती घरी बसलेली असूनही दवाखान्यात माझ्याआधी येऊन बसली होती.

इंजेक्शन दुखतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं त्यापेक्षा जास्त. सुई बारीक असते, पण वणात औषध घुसवताना डॉक्टरांचं बोट थरथरतं, इतका तो कडक असतो. जिथे औषध जातं तिथे लाल वण पांढरा पडत जातो, एकेक ठिपका. अकरा ठिकाणी टोचलं. मी उजव्या हाताने खुर्चीची कड धरली होती, ती नंतर फौजदारिणीच्या मनगटात बदललेली दिसली. कधी ते कळलं नाही.

टोचून झाल्यावर डॉक्टरांनी दोन्ही बोटं धरून वळवून पाहिली. करंगळीच्या शेजारचं बोट परत मिटेल असं त्यांना वाटतं, चार-पाच वेळा औषध आणि रोजचा व्यायाम झाला तर. करंगळीचं त्या नक्की सांगत नाहीत. मार्चमध्ये सुरू झालं असतं तर सांगितलं असतं, असं म्हणाल्या. रागावून नाही, चित्र काढताना बोलतात तसंच. मग चष्मा काढून विचारलं, "दोन महिने थांबायला तुला कुणी सांगितलं?"

मी म्हटलं, "कुणी नाही. मलाच सुईची भीती वाटत होती."

फौजदारीण शेजारच्या खुर्चीत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मांडीवरची पर्स सरळ केली आणि डॉक्टरांना म्हणाली, "हो. भित्रीच आहे ती पहिल्यापासून."

भिंगरी